'रेन चेक' म्हणजे नकार नव्हे, ती उधारी आहे

केतकी_डोंबिवली
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज 'सफाईदार इंग्रजी शिका' छापाची एक पोस्ट फिरतेय. सारांश असा: ठरलेला बेत मोडायचा असेल तर 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणा, समोरच्याला वाईट वाटत नाही. अडचणीचा प्रश्न आला तर 'रेड हेरिंग', म्हणजे लक्ष भलतीकडे वळवणारा मुद्दा, टाका आणि सुटा. शेवटी शेरा, की मराठीत सभ्यपणे नाही म्हणायला शब्दच नाहीत, आपण नुसतं 'बघू' म्हणतो. खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून हा धागा.

एक तर त्यातलं इंग्रजीच चूक आहे. रेन चेक हा अमेरिकेतल्या बेसबॉलचा शब्द, १८८०च्या दशकातला. पावसाने सामना वाया गेला की तिकिटाचा तुकडा प्रेक्षकाकडे राहायचा आणि त्यावर पुढचा सामना बघायला मिळायचा. म्हणजे रेन चेक घेणारा म्हणतो, आज नाही, पण माझं येणं बाकी आहे. ती उधारी झाली, आणि पुढची तारीख काढायची जबाबदारी घेणाऱ्यावर. आपल्याकडची मंडळी तारखेचं नावच काढत नाहीत.

मागे ऑफिसातल्या एका मैत्रिणीला रविवारी जेवायला बोलावलं होतं. डाळिंब्यांची उसळ तिनेच सांगितलेली. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. नखं हुळहुळतात. परात भरली तेव्हा, अकरा वाजता, मेसेज: 'रेन चेक घेते गं!' आजतागायत ती आलेली नाही. 'नाही जमणार गं, माफ कर' यात असभ्य काय होतं? हे मराठीच आहे ना?

पेठकर
शब्दाचं मूळ काहीही असो, वापरणाऱ्याच्या डोक्यात आज बेसबॉल नसतो. 'श्रीगणेशा केला' म्हणताना कुणी पाटीपेन्सिल घेऊन बसत नाही. रेन चेक म्हणजे नम्र नकार, विषय संपला. निदान माणूस येणार नाही हे कळतं तरी. खरा रोग 'बघू' आहे. आमच्या वास्तुशांतीला अर्ध्या लोकांनी 'बघतो, जमवतो' सांगितलं. केटररला पानांचा आकडा आधी द्यावा लागतो आणि माणसं कमी आली म्हणून तो पैसे सोडत नाही. जिलबीची पातेली शेजारीपाजारी वाटत फिरलो.

मिशिगनकर
केतकीताईंशी सहमत. इथे अमेरिकेत दुकानातही रेन चेक देतात. सवलतीतली वस्तू संपली असेल तर चिठ्ठी मिळते आणि माल आला की त्याच सवलतीच्या भावात घेता येतो. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. आणि बेसबॉलमध्ये नऊपैकी पाच इनिंग झाल्यावर पाऊस आला तर सामना झालाच असं धरतात, मग रेन चेक नाही. अर्धं काम झाल्यावर पाय काढायला हा शब्द नाहीच.
हेही सांगतो, की इथले लोक तो शब्द गुळगुळीत करून नुसता टाळायलाही वापरतात. त्यात अमेरिकन आणि आपण सारखेच.

सुका_बांगडा
रेड हेरिंगबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. त्या पोस्टमध्ये म्हणे शिकारी कुत्र्यांना शिकवताना हा मासा, म्हणजे खारवून धुरी दिलेला हेरिंग, आडवा फरफटवत. सांगोवांगी आहे. १७व्या शतकातल्या शिकारीच्या लिखाणात मासा येतो तो घोड्यांसाठी, कुत्र्यांच्या मागे धावायची सवय लागावी म्हणून. दिशाभूल हा अर्थ रुजवला इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने. १८०७ साली आपल्या 'पोलिटिकल रजिस्टर'मध्ये त्याने गोष्ट सांगितली, की लहानपणी सशामागची कुत्री आपण खारवलेल्या हेरिंगच्या वासाने भलतीकडे वळवली. रोख होता वृत्तपत्रांवर. नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीमागे ती धावली आणि घरचे प्रश्न वाऱ्यावर सोडले.
म्हणजे हा शब्द आरोप करण्यासाठी जन्मला. तो सुटकेची युक्ती म्हणून शिकवणं मला तरी संतापजनक वाटतं. 'विषयाला बगल द्या, फायदा होईल' असं कुणी मराठीत लिहिलं असतं तर याच लोकांनी झोडपलं असतं.

तात्या_सांगली
पेठकर, तुमची जिलबी उरली यात पाहुण्यांचा काय दोष? पत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' छापायचं आणि मागून फोन करून डोकी मोजायची. आमच्याकडे चूलबंद आमंत्रण असतं. त्या दिवशी पाहुण्याच्या घरची चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे जेवायला. 'किती येणार?' विचारणं म्हणजे 'कमी या' सांगणं.

पेठकर
तात्या, दीड दिवस आधी आकडा द्यायचा असतो तेव्हा चूलबंद ऐकायला छान वाटतं. ताटामागे पैसे कोण मोजतं? अन्न उकिरड्यावर जातं ते कुणाला दिसत नाही.

तात्या_सांगली
उकिरड्यावर बुफेचं जातं. पंगतीत वाढपी विचारून वाढतो आणि उरलं तर वाडीवस्तीवर पोचतं. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात भात कमी पडला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी घरोघरी कुकर लावले. आकडा मागणाऱ्यांच्या घरी हे होईल का?

मोगरा
त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, तात्या? लग्नाची साडी नेसून कुकर लावायला त्यांना आवडलं असेल असं तुम्ही परस्पर ठरवलंत. चूलबंदचं कौतुक पुरुषच करतात, कारण ऐनवेळची कणीक त्यांना मळायची नसते. केतकीच्या परातीचं दुःख मला कळतं ते त्यामुळेच. शब्द इंग्रजी होता की मराठी याने काही बिघडत नव्हतं. त्या मैत्रिणीने आदल्या रात्री कळवायला हवं होतं.

तात्या_सांगली
माझी आई त्या बायकांत होती. तिच्याबद्दल तुम्ही मला शिकवू नका.

मोगरा
आईंबद्दल अनादर नाही. पण प्रश्न तसाच आहे.

केतकी_डोंबिवली
मोगरा, वेळेचा मुद्दा शंभर टक्के. पण शब्दाने बिघडतंच. 'येत नाही' लिहिताना कारण द्यावंसं वाटतं, थोडं ओशाळायला होतं. 'रेन चेक' लिहून ती मोकळी झाली, वर हसरा चेहरा. त्या पोस्टला ओशाळणंच नको आहे, म्हणून ती सोय शिकवते. आणि पेठकर, 'बघू' म्हणणाऱ्याला आपण पुन्हा फोन करू शकतो. रेन चेकवाल्याला काय विचारणार?

पेठकर
दुकानातल्या चिठ्ठीचं मला ठाऊक नव्हतं, तेवढं मिशिगनकरांचं मान्य. आदल्या रात्री कळवावं, हेही मान्य. पण 'बघू'ची वकिली मी ऐकून घेणार नाही. मुलीच्या लग्नात प्रत्येकाकडून आकडा घेणार, राग आला तरी चालेल.

तात्या_सांगली
मागा आकडा. आमचे सात सांगेन आणि सातही येतील. फक्त पत्रिकेत 'सहपरिवार' छापू नका.