नऊ जण, इटालियन छोट्या प्लेट्स आणि आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस: ऑर्डर कशी द्यावी?

महात्मानगरकर

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. एरवी अशा दिवशी आमची वरात थाळीच्या हॉटेलात जाते. या वेळी भावाने हट्टाने कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका नव्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलंय. जुना बंगला आहे, अंगणातलं आंब्याचं झाड तसंच ठेवून खाली टेबलं मांडलीत. मी मैत्रिणीबरोबर दुपारी जाऊन आले, जागा आणि जेवण दोन्ही मनापासून आवडलं. पण तिथे सगळं 'शेअरिंग' आहे. प्लेटा मधे येतात, सगळ्यांनी मिळून खायचं. दोघींना ते छानच वाटलं. नऊ जणांचं कसं जमवायचं, हे डोक्यात बसत नाहीये.

माणसं अशी: आई-बाबा, आजी (वय ८४, कवळी आहे), मी आणि नवरा, भाऊ-वहिनी आणि दोन मुलं. आई शुद्ध शाकाहारी, अंडं तर सोडाच, अंड्याचा केकसुद्धा खात नाही. बाबा मासे-चिकन खातात, पण आईबरोबर बाहेर गेले की शाकाहारीच घेतात. आजीला उष्ट्या-खरकट्याचं फार आहे. एकाच प्लेटमध्ये चार जणांचे काटे गेले की ती तिथून पुढे काही खाणार नाही, आणि बोलणारही नाही, नुसती पाणी पीत बसेल. बाबांची भूक म्हणजे शेवटी वरण-भात हवाच अशी. तिथे 'अजून काय आहे?' असं त्यांनी तीनदा विचारलं की आईचा चेहरा पडतो.

तर विचारायचं हे, की नऊ जणांना साधारण किती प्लेटा मागवाव्यात आणि कशा क्रमाने? आईसाठी कुठे-कुठे अंडं किंवा तसलं काही लपलेलं असतं? आजीला चावेल असं काय? हा दिवस खरंच चांगला जावा अशी फार इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर सांगा.

कढईवाला

ताई, आधी तुमच्या आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी पुण्यात एका इटालियन किचनमध्ये बरीच वर्षं पास्ताच्या शेगडीवर उभा होतो, आता नाशिकला गंगापूर रोडला स्वतःचं केटरिंग करतो. त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट टेबलाची. नऊ जणांना लांब टेबल दिलं तर मधे ठेवलेली प्लेट दोन्ही टोकांना पोचत नाही. टोकाचा माणूस एकतर उभा राहून घेतो किंवा गप्प बसतो, आणि टोकाला बहुतेक वेळा घरातली वडीलधारी माणसंच बसवलेली असतात. म्हणून गोल टेबल मिळतं का ते आजच विचारा. नसेल मिळत तर प्रत्येक पदार्थ दोन-दोन मागवा, एक या टोकाला, एक त्या टोकाला. एका पदार्थाच्या दोन प्लेटा आणि कमी प्रकार, हे जास्त प्रकार आणि एकेक प्लेट यापेक्षा नेहमी चांगलं. लोक नेमकं उलट करतात, मेन्यू बघून सगळंच चाखावंसं वाटतं आणि मग प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर येतं.

दुसरं, नग विचारा. आरांचिनी (भाताचे तळलेले गोळे, सिसिलीकडचे) काही ठिकाणी प्लेटला तीन येतात, काही ठिकाणी पाच. ब्रुस्केटा चार तुकडे. वेटरला सरळ म्हणा, 'नऊ जण आहोत, प्रत्येकाला एक मिळेल असं करा.' बरीच किचनं दोन नग वाढवून देतात, त्याचे पैसे लावतात, पण देतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. अशा जागी जे तयार होईल ते बाहेर पाठवायची पद्धत असते. तुम्ही एका दमात बारा पदार्थ सांगितले तर पंधरा मिनिटांत टेबल भरतं, पिझ्झा गार होतो, रिसोट्टो (इटालियन मऊ, ओलसर भात) घट्ट होऊन बसतो, आणि तासाभरात सगळे रिकाम्या टेबलाशी बसलेले असतात. तीन टप्पे करा. आधी गार आणि भाज्यांचं, मग पिठाचं आणि भाताचं, मग गोड. वेटरला सांगा की पुढचा टप्पा आम्ही म्हणू तेव्हाच शेगडीवर चढवा. आणि ऑर्डर एकाच माणसाने द्या. नऊ जण नऊ दिशांनी बोलायला लागले की आत येणाऱ्या चिठ्ठीचा पार चुथडा होतो.

इटलीतही घरोघरी सगळं असं मधे ठेवून खात नाहीत बरं का. तिथे सुरुवातीचे पदार्थ आणि भाज्या वाटून खातात, पण पास्ता किंवा रिसोट्टो ज्याचा त्याच्या ताटलीत. व्हेनिसमध्ये दारूच्या छोट्या दुकानांत 'चिक्केत्ती' म्हणून घासाघासाचे पदार्थ मिळतात, तो प्रकार आजच्या या छोट्या प्लेटांच्या जास्त जवळचा. म्हणून आजींसाठी पास्ता वेगळ्या ताटलीत वाढून मागायला अजिबात संकोच करू नका, ते तिथल्या रीतीलाही धरूनच आहे.

उष्ट्याचं म्हणाल तर प्रत्येक प्लेटबरोबर वेगळा वाढायचा चमचा आणि चिमटा मागा, बसल्या-बसल्याच. आणि तुम्ही किंवा वहिनी, एकीने वाढायचं काम घ्या. पंगतीत वाढपी फिरतो तसं प्रत्येकाच्या ताटात थोडं-थोडं वाढलं की आजींची काळजी मिटते आणि बाबांच्या पोटात किती गेलं हेही कळतं.

आईंचं जरा सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोक फसतात.

सुका पास्ता, म्हणजे पेने, रिगातोनी, स्पागेट्टी, हा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो, त्यात सहसा अंडं नसतं. ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, पापार्देल्ले, राव्हिओली, यात बहुतेक वेळा अंडं असतं. मेन्यूवर 'फ्रेश' किंवा 'हँडमेड' लिहिलेलं दिसलं की विचारा. अपवाद आहेत, पुलिया भागातला कानाच्या आकाराचा ओरेक्किएत्ते ताजाच असतो पण रवा-पाण्याचा.

चीजचा मुद्दा अंड्याहून मोठा. खरं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करून चीज बनवायचं द्रव्य) करतात, तो तिथला नियम आहे. ग्राना पदानोचंही तेच. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटचं. ते पास्त्यावर किसून येतं, पेस्तोमध्ये (बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीत) असतं, रिसोट्टोमध्ये शेवटी घोटलेलं असतं. आपल्याकडे बनणारी पुष्कळ चीजं सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची असतात, पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर निर्धास्त राहा. वेटरला माहीत नसेल तर 'पाकीट दाखवा' म्हणा. मी किचनमध्ये असताना कोणी पाकीट मागितलं तर मला राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं की माणूस समजून खातोय.

रिसोट्टोमध्ये सुरुवातीला पांढरी वाईन घालतात. ती शिजते, पण सगळी उडून जात नाही. आई घेत नसतील तर 'वाईन न घालता करा' सांगा, सहज होतं. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे असतात, नावावरून कळत नाही. तिरामिसूमध्ये अंडं असतंच, क्रीममध्येही आणि बिस्किटांतही, एगलेस लिहिलं असेल तरच घ्या. पाना कोत्ता (मलईचं गोड) दिसायला निरागस, पण त्यात जिलेटिन असतं, ते जनावरांपासून मिळतं. अगर-अगरचं (समुद्री शेवाळापासूनचं) असेल तर चालेल.

आजींसाठी न्योक्की. उकडलेल्या बटाट्याचे मऊ गोळे, कवळीने सहज खाता येतील. काही जण त्यात अंडं घालतात, आजींना चालत नसेल तर विचारून घ्या. टोमॅटो सॉसमधलं सांगा, तिखट नको असेल तर तसंही सांगा. त्यांना सुका पास्ता देऊ नका, तो थोडा कडक ठेवलेला असतो, आणि बाबाही 'कच्चा राहिलाय' म्हणतील.

द्राक्षबाग

कढईवाल्यांनी सगळं सांगितलंच आहे. मी दिंडोरीकडचा, द्राक्षं आमच्याकडे वाईनसाठीही जातात, म्हणून फक्त पेल्यापुरतं.

तुमच्यापैकी कोणी घेणार असेल तर त्या दिवशी नाशिकचीच घ्या, माझी कळकळीची विनंती. कारखाना कुठला ते तुमच्या आवडीवर. टोमॅटोचे आणि चीजचे पदार्थ असतील तर सोव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लां ही पांढरी वाईन मागवा, थंड. टोमॅटोला स्वतःची आंबटाई असते, त्यापुढे कमी आंबट वाईन अगदी मिळमिळीत लागते. लोकांना वाटतं पास्ता म्हणजे लाल वाईनच. तसं काही नाही.

सगळ्या हॉटेलांकडे वाईनचा परवाना नसतो, फोनवर विचारा. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं. तुमच्याकडे मुलं लहान आहेत, त्यांना द्राक्षाचा रस द्या की, सोडा घालून. आमच्याकडे बागेत पाहुणे आले की मुलांना तेच देतो.

सीए_सिडको

बिलाचं कोणी बोललं नाही म्हणून. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जेवणावर जीएसटी ५ टक्के. वाईनवर जीएसटी नसतो, तिच्यावर व्हॅट वेगळा लागतो, त्यामुळे दोन बिलं आली तर दचकू नका.

सेवाशुल्क मात्र बघून घ्या. मागे आम्ही एका महागड्या ठिकाणी मोठा ग्रुप घेऊन गेलो होतो, बिलात १० टक्के आधीच टाकलेले. विचारलं तर 'आठपेक्षा जास्त माणसांना कम्पल्सरी आहे सर' असं उत्तर. तसं कम्पल्सरी काही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि सेवा आवडली तर पोरांच्या हातात रोख द्या, ते त्यांना थेट पोचतं.

महात्मानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कढईवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी वहिनीला वाचून दाखवला. वाढायचं काम तिने स्वतःहून घेतलंय.

आत्ताच फोन केला होता. गोल टेबल नाही, पण दोन चौकोनी टेबलं जोडून जवळजवळ चौरस करून देतो म्हणाले. चीज सगळं भारतातलं आणि हिरव्या ठिपक्याचं आहे. ताल्यातेल्लेमध्ये अंडं आहे, रिगातोनीमध्ये नाही, न्योक्कीमध्येही नाही. तिरामिसू आईला चालणार नाही, पाना कोत्ता अगर-अगरची आहे. वाईन मिळते. सेवाशुल्क लावत नाहीत.

मी असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. पहिला टप्पा: बुराटा दोन, फोकाच्या ब्रेड दोन, कापोनाता दोन (बाबांना वांगं जीव की प्राण). दुसरा: न्योक्की दोन, त्यातली एक आजीसाठी वेगळी, रिगातोनी दोन, मशरूमचा रिसोट्टो दोन बिनवाईनचे, पिझ्झा दोन. तिसरा: पाना कोत्ता पाच, दोघांत एक. कापोनाता नक्की कशी असते? आणि बुराटा वाटायची कशी, तो तर गोळाच असतो ना?

कढईवाला

यादी छान झालीय. दोनच बदल सुचवतो. रिसोट्टो एकच घ्या आणि तो आजी-आईच्या बाजूला ठेवा. रिसोट्टोला शेगडीवर सतत ढवळत सतरा-अठरा मिनिटं लागतात आणि ताटलीत आल्यावर तो सैल, पसरणारा असतो. चार हात फिरेपर्यंत गोळा होतो. पिझ्झे दोन्ही एकदम नको, एक संपत आला की दुसरा सांगा. लाकडाच्या भट्टीतला नापोलीकडचा पिझ्झा ९० सेकंदांच्या आत भाजून निघतो, वाट बघावी लागणार नाही.

कापोनाता म्हणजे तळलेलं वांगं, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर, त्यात व्हिनेगर आणि साखर. आंबटगोड, आणि ती कोमटच खातात, म्हणून 'गार आलंय' असं बाबांनी म्हणायच्या आत सांगून ठेवा. फोकाच्याबरोबर द्या. वांग्याच्या माणसाला ही प्लेट पुरत नाही, तिसरीची तयारी ठेवा.

बुराटाचं सांगतो. बाहेरून मोझरेल्लाची पिशवी, आत मलई आणि मोझरेल्लाच्या चिंध्या. फ्रीजमधून थेट टेबलावर आली तर आतली मलई घट्ट आणि बेचव लागते, म्हणून पहिल्या टप्प्याची ऑर्डर देतानाच म्हणा की बुराटा बाहेर काढून ठेवा. आली की वहिनींनी सुरीने मधोमध अधिक चिन्हासारखी चीर द्यायची, चारी पाकळ्या बाहेर ओढायच्या म्हणजे मलई प्लेटभर पसरते. मग चमच्याने पांढरा भाग, मलई आणि खालचा टोमॅटो असं तिन्ही एकत्र उचलून फोकाच्याच्या तुकड्यावर ठेवायचं आणि ताटात द्यायचं. नुसती वरची पिशवी वाढली तर खाणाऱ्याला रबर चावल्यासारखं वाटतं आणि मग तो परत हात लावत नाही. एका गोळ्यात चार-पाच जण होतात.

आणि शनिवारी आठनंतर जाऊ नका. साडेसातला बसा. आठला सगळ्या शेगड्या भरतात, मग बिनवाईनचा रिसोट्टो आणि 'पुढचा टप्पा नंतर' असल्या सूचना चिठ्ठीवर लिहिलेल्या असल्या तरी बघायला कोणाला वेळ नसतो.

महात्मानगरकर

साडेसातचं करून घेतलं. कापोनाता तीन सांगितल्या.