लडाख: कुठला महिना, कशी हवा, बॅगेत काय? (अनुभव धागा)

लडाखचा विषय निघाला की एकजण सांगतो, "जूनमध्ये टी-शर्टवर फिरलो." दुसरा म्हणतो, "त्याच आठवड्यात खारदुंगलाला बर्फ पडत होता." दोघंही खरंच बोलत असतात. लेह साडेतीन हजार मीटरवर, नुब्रा खोऱ्यातलं हुंदर त्याहून थोडं खाली, पँगाँग सरोवर सव्वाचार हजारांच्या आसपास आणि खारदुंगला घाट ५३५९ मीटर. सकाळी निघून संध्याकाळी पोचेपर्यंत तीन ऋतू होऊन जातात. तेव्हा "लडाखला थंडी किती असते हो?" या प्रश्नाला उत्तर नाही. महिना सांगा, मुक्काम सांगा, मग बोलू.

जे जाऊन आलेत त्यांनी महिना, रस्ता, काय कामाला आलं आणि काय नुसतंच ओझं झालं ते लिहा. "गरम कपडे न्या" एवढ्यावर थांबू नका, तेवढं सगळ्यांना कळतं. सुरुवात मीच करते.

पुणे. जून, विमानाने लेह, पुढे नुब्रा आणि पँगाँग

दुपारी लेहच्या बाजारात ऊन अक्षरशः चावतं. तिथेच भिंतीच्या सावलीत दोन पावलं गेलं की स्वेटर आठवतो. रात्री लेहला पातळ गोधडी पुरेल असं वाटतं आणि पँगाँगला दोन रजया घेऊनही टोपी काढवत नाही.

माझा सगळा भर चेनच्या कपड्यांवर होता. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. गाडीत उन्हाच्या बाजूला बसलं की एकेक चेन उघडायची, घाटमाथ्यावर उतरायच्या आधी लावायची. डोक्यातून घालायचा स्वेटर दाटीवाटीत बसून काढून बघा म्हणजे कळेल. एकच जाडजूड जॅकेट नेणाऱ्यांचे हाल होतात: घातलं तर घाम, काढलं तर हुडहुडी. आणि सुती बनियन नकोच. घामाने भिजला की वाळत नाही, वर वारा लागला की पाठ गारठते.

सनस्क्रीन, लिप बाम, चांगला गॉगल या चैनीच्या वस्तू नाहीत. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, सकाळी नाकातून रक्ताचा ठिपका येतो. रात्री नाकपुडीत थोडं व्हॅसलीन लावायचं. ट्यूबचं झाकण उघडताना मात्र जपून, वर हवेचा दाब कमी असल्याने क्रीम फुस्सकन बाहेर येतं.

दहिवडी. जुलै, मनालीहून मोटारसायकलने

आम्ही माणदेशी, त्यामुळे पर्जन्यछाया समजावून सांगायला नको. महाबळेश्वर धो धो भिजतंय आणि आमच्याकडे ढग नुसते वरून जातायत, हे लहानपणापासून पाहिलंय. लडाखचं तेच, फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय. मनालीत पाऊस, अटल बोगद्यापर्यंत पाऊस. पुढे लाहौलमध्ये आभाळ मोकळं व्हायला लागतं आणि बारालाचा घाट ओलांडला की डोंगर उघडे, रंग मातीचा. लेहचा वर्षभराचा पाऊस धरला तरी शंभर मिलिमीटरच्या आसपास.

पण म्हणून रेनकोट घरी ठेवू नका. मनालीच्या बाजूला तो रोज लागतो, आणि लडाखमध्ये पडत नाही असंही नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटीने काय केलं ते आठवत असेल. तिथले डोंगर म्हणजे सुटी माती, थोडा पाऊस झाला तरी दरड येते. जुलै-ऑगस्टला एखादा दिवस हातचा ठेवाच.

नाल्यांचं तंत्र वेगळं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर गुडघ्याला लागतं. पँगाँगच्या रस्त्यावर एकाला पागल नालाच म्हणतात. असले नाले सकाळीच ओलांडायचे. बूट कितीही वॉटरप्रूफ असले तरी पाणी वरून आत शिरतं, तेव्हा मोजे बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवेत. वाटेतला मुक्काम जिस्पा किंवा केलाँगला. सरचूला तंबू झकास दिसतात, पण ४३०० मीटरच्या आसपास पहिल्याच रात्री झोप लागत नाही, डोकं ठणकतं.

नागपूर. व्यवसायाने डॉक्टर

औषधांबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, खारदुंगलाला जवळपास निम्मा. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्ये स्वस्थ बसा. शांती स्तूपाच्या पायऱ्या कुठे पळून जात नाहीत. नंतर आधी नुब्रा, मग पँगाँग हा क्रम बरा, कारण हुंदर लेहपेक्षा खाली आहे.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण यांत तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा-कोल्ड्रिंकची चव बिघडते, त्याने घाबरू नका.

कापराची पुरचुंडी आपल्याकडचे लोक हमखास नेतात. वास घ्या, बरं वाटतं. पण त्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्याजागी धाप लागली, तर कापूर नको आणि "सकाळी बघू" तर मुळीच नको. लगेच खाली उतरायचं.

सातारा जिल्हा. निवृत्त फौजी

तुम्हा लोकांचं उन्हाळ्याचं वाचलं. मी हिवाळ्याचं लिहितो, कारण हल्ली पोरं जानेवारीत चादर ट्रेकला, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला, निघतात. त्या दिवसांत लेहला रात्री उणे पंधरापर्यंत पारा जातो, द्रासकडे त्याहून खाली.

कपडे सैल पाहिजेत. घट्ट मोज्यावर घट्ट मोजा चढवला की रक्त फिरत नाही, बोटं आधी बधिर होतात, मग काळी पडतात. झोपताना दिवसाचे मोजे काढायचे, पाय कोरडे करायचे, दुसरी लोकरीची जोडी घालायची. आम्हाला याची सवयच लावलेली. हातमोजे दोन: आत पातळ, वर जाड. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं तर वरचा काढायचा, आतला नाही. उघड्या बोटांनी थंड लोखंडाला हात लावायचा नाही.

पाण्याची बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, म्हणजे बाटली सरळ केली की तोंडाशी पाणी मोकळं मिळतं. आणखी एक: खोलीत बुखारी (खोली गरम करायची तिकडची भट्टी) किंवा कोळशाची शेगडी पेटवून सगळं गच्च बंद करून झोपू नका. विषारी वायूचा वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. झोपण्याआधी शेगडी बाहेर, खिडकीला फट.

डोंबिवली. सप्टेंबरअखेर, सासूबाईंसोबत

काका, बुखारीचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

आमचा आग्रह सप्टेंबरचा. आभाळ निळंशार, पर्यटक ओसरलेले, पॉपलरची झाडं पिवळी व्हायला लागलेली. लेहला दुपार छान ऊबदार, पँगाँगला मात्र रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी. सासूबाईंच्या साडीखाली थर्मल आणि लोकरीची लेगिंग, वर शाल, कानटोपी. पंजाबी ड्रेस घालायला त्यांची ना होती, आणि खरं तर काही अडलंही नाही.

खाण्याचं सांगते. गरम पाणी ओतून होणारे उपमा-पोह्यांचे डबे आम्ही भरपूर नेले होते. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पँगाँगला त्याहूनही कमी. त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या वेळेत उपमा कचकचीतच राहतो. दुप्पट वेळ झाकून ठेवायचा, शक्य असेल तर थर्मासमध्येच ओतायचा. त्यापेक्षा मेतकूट, लसणाची चटणी, सुंठ घातलेली गुळपापडी खरी उपयोगी. भूक मेलेली असते तेव्हा मऊ भात आणि मेतकूटच घशाखाली उतरतं. तिथल्या जेवणाला नावं ठेवत नाही हं, थुक्पा (नूडल्सचं गरम सूप) सासूबाईंनी दोनदा मागून घेतला.

बायकांसाठी: पॅड घरूनच पुरेसे न्या. लेहच्या बाजारात मिळतात, पुढे नुब्रा-पँगाँगला शोधत बसावं लागतं. वापरलेले गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक बंद होणारी पिशवी, कचरा परत लेहला आणायचा. रस्त्यात आडोसा म्हणून मोठी ओढणी फार कामाला येते.

बंगळुरू (मूळ सांगली). ऑगस्ट

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालेलच असं नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं. रोख रक्कम लेहमध्येच काढून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. थंडीत बॅटरी भराभर उतरते, रात्री फोन पांघरुणात घ्या. हुंदरच्या वाळूत दुपारनंतर वारा सुटतो, लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा ठेवा. जाड जॅकेट विमानात अंगावरच घालायचं, वजन वाचतं. बास.

कोल्हापूर

एप्रिलच्या मध्याला सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचा विचार आहे. जर्दाळूचा फुलोरा बघायचाय. वेडेपणा आहे का?

पुणे (वर जूनचं लिहिणारी)

वेडेपणा नाही, पण विमानानेच जा. मनालीचा रस्ता तेव्हा बहुधा बंद असतो आणि श्रीनगरकडून झोजीला घाटाचा भरवसा नाही. फुलोरा खालच्या गावांत आधी येतो, म्हणून लेहमध्ये विसावून शाम खोऱ्यात (लेहच्या पश्चिमेला, सिंधूकाठची खालची गावं) उतरा, पँगाँग या खेपेला सोडा. घाटात बर्फ असतो आणि मुलीला डोकं दुखतंय की नुसता कंटाळा आलाय हे नीट सांगता येणार नाही. जायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटाच. दिवसा ऊन, रात्री शून्याखाली, तेव्हा कपडे वर लिहिलेत तसेच थरांचे. लेहमध्ये ट्रेकिंगचं सामान भाड्याने मिळतं, पण मुलीच्या मापाचे बूट आणि हातमोजे इथूनच घ्या. हातमोज्यांचे दोन जोड, आणि ते दोरीने जॅकेटला बांधून टाका.