एपोना देवीचं नाव आणि आपला ‘अश्व’: नातं खरं का?

शुक्रवारपेठ:
आमचे आज्जा टांगा हाकायचे. घरामागं तबेल्याचा सोपा अजून उभा आहे. मधल्या खांबाला फळी ठोकलेली, तिच्यावर जोतिबाचा फोटो. दर रविवारी घोडीला धुतलं की आज्जा आधी तिथं दवणा वाहायचे, मग गुलालाचं बोट घोडीच्या कपाळाला. खांबाचा तेवढा भाग अजून तांबूस आहे.

परवा वाचलं, गॉलमधल्या म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या केल्ट लोकांची एपोना ही घोड्यांची देवी. अपुलेयस या रोमन लेखकाच्या २ऱ्या शतकातल्या कथेत तबेल्याच्या मधल्या खांबावरच तिची मूर्ती आहे, ताजे गुलाब वाहिलेली. अंगावर काटा आला. तिचं नाव आणि ‘अश्व’ एकाच मुळाचे म्हणतात. मग हा ‘प’ आला कुठनं?

शब्दवेडी:
नातं खरं आहे. या सगळ्या भाषांच्या एकाच जुन्या पूर्वज भाषेतला मूळ शब्द ‘एक्वोस’सारखा धरतात. लॅटिनमध्ये तो ‘एक्वुस’ झाला, संस्कृतात ‘अश्व’, आणि गॉलच्या भाषेत ‘क्व’चा ‘प’ होऊन ‘एपोस’. तिथं हे नेमानं होतं. आपले ‘चार’ घ्या: लॅटिन ‘क्वात्तुओर’, गॉलच्या भाषेच्या जवळची, ब्रिटनमधल्या वेल्सची वेल्श भाषा मात्र ‘पेद्वार’. वेल्शमध्ये शिंगराला आजही ‘एबोल’ म्हणतात, त्यात तोच घोडा आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘प’ झालाच नाही, तिथं घोडा ‘एख’.

शेवटचं ‘ओना’ देवीच्या नावांत येतं. मार्न नदीची देवी मात्रोना, तिच्यात तर आपली ‘माता’च! गंमत म्हणजे आपला रोजचा ‘घोडा’ या कुळातला नाही, तो ‘घोटक’वरून आला.

रंकाळाकाठ:
शब्द एका मुळाचा म्हणून देव एक, असं मात्र धरू नका. एपोनाच्या मूर्ती आणि लेख रोमन काळातले आहेत. घोडदळाच्या शिपायांनी तिला दूरवर नेलं. उत्तर इटलीतल्या एका कोरीव पंचांगात तिचा सण १८ डिसेंबरला आहे. जोतिबाची परंपरा वेगळी, तिला तिच्याच मातीत बघावं. रोमन व्यापाराची खूण आपल्या कोल्हापुरातही आहे: इथल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला काशाचा पोसायडन टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. ग्रीकांमध्ये तो समुद्राबरोबर घोड्यांचाही देव.

शुक्रवारपेठ:
दोघांचे मनापासून आभार. एपोनाच्या मूर्तींचे फोटो बघितले. एका बाजूला पाय सोडून घोडीवर बसलेली, खाली शिंगरू. आमची शेवटची घोडी व्याली तेव्हा आज्जीनं शिंगराला पहिल्यांदा त्या फळीपुढं नेलं होतं. पाय थरथरत होते त्याचे, तिनं पोटाखाली हात घालून धरलं होतं.