४०३ येत असेल तर मेमरी वाढवून उपयोग नाही
वर्डप्रेसच्या एलिमेंटर या पान बनवायच्या प्लगइनमध्ये पान सेव्ह करताना ४०३ एरर (परवानगी नाही) आला की काही जण मेमरी लिमिट वाढवा असं सुचवतात, पण मेमरी संपली तर सहसा ५०० (सर्व्हरमधला बिघाड) येतो. इथे ४०३ आहे, म्हणजे बहुधा सर्व्हरनेच रिक्वेस्ट अडवलीय. एलिमेंटरमध्ये अपडेट दाबलं की पानाचा सगळा मजकूर अॅडमिन-एजॅक्स या वर्डप्रेसच्या फाइलकडे पोस्ट होतो, आणि त्यात आयफ्रेम, स्क्रिप्ट किंवा एसक्यूएलसारखं (डेटाबेसच्या आज्ञांसारखं) काही दिसलं की मॉडसिक्युरिटी या सर्व्हरवरच्या फायरवॉलला तो हल्ला वाटतो. माझ्या एका क्लायंटच्या साइटवर फक्त नकाशाचा एम्बेड कोड असलेलं पान अडकायचं, बाकीची मस्त सेव्ह व्हायची. तेव्हा विजेट एकेक काढून सेव्ह करून बघा, दोषी लगेच सापडतो.

आणि मॉडसिक्युरिटी पूर्ण बंद करा असा सल्लाही काही जण देतात, त्याला माझा ठाम विरोध आहे, साइट उघडी पडते हो! होस्टिंग कंपनीकडून मॉडसिक्युरिटीचा लॉग (काय अडवलं त्याची नोंद) मागवा. त्यात बऱ्याचदा ९४९११० हा नियमाचा नंबर दिसतो, पण तो नियम फक्त बाकीच्या नियमांनी दिलेले संशयाचे एकूण गुण बघून अडवतो, तो काढलात तर अडवणंच थांबेल. खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत असतं, ९४१ (स्क्रिप्टचे) किंवा ९४२ (एसक्यूएलचे) ने सुरू होणारे नंबर बघा, आणि तेवढेच नियम त्या अॅडमिन-एजॅक्स फाइलपुरते वगळायला सांगा.