नाताळ, २१ माणसं आणि एक आजी: सहलीसाठी मदत हवी आहे

वाडीवरची

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून इथं बरीच वर्षं काढली, धागा पहिल्यांदाच काढतेय. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही वसईचे, सामवेदी कॅथलिक. घरात आजेसासूबाई (वय ८४, गुडघे गेलेले, जीभ शाबूत), सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं, दीर-जाऊ. नाताळाला दोन्ही आत्या आपापल्या गोतावळ्यासकट येतात. यंदा टोरंटोचे चुलत सासरे सहा वर्षांनी बायकामुलांना घेऊन येतायत. जाऊ साताऱ्याची, हिंदू आहे, तिची आई पहिल्यांदाच आमचा नाताळ बघायला येणार आहे. सगळी बेरीज २१. सगळ्यांत लहान मेंबर तीन वर्षांचा.

टोरंटोच्या काकांनी ग्रुपवर टाकलं, "यंदाचा नाताळ कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी करू, खर्चाचं मी बघतो." पुढच्या पाच मिनिटांत होकाराच्या 👍 चा पाऊस. सासूबाईंनी मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. आजींकडे स्मार्टफोन नाही. त्यांना सांगायचं काम अर्थातच मोठ्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आलंय.

आता आमच्याकडे नाताळ म्हणजे काय ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. ऑक्टोबरातच मनुके-बेदाणे रममध्ये भिजतात. डिसेंबर लागला की पोरं गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) मागे लागतात. बांबू, पेंढा, गेल्या वर्षीचे लाइट (निम्मे बंद). नाताळाच्या आठ-दहा दिवस आधी ताटात नाचणी पेरायची, म्हणजे २४ पर्यंत गोठ्यापुढं हिरवंगार कुरण तयार होतं. मूर्ती आजींच्या लग्नातल्या आहेत. योसेफाचा एक हात फेव्हिकॉलवर टिकून आहे, पण नवा सेट आणायची कुणाची टाप नाही. बाळ येशूची मूर्ती आजींच्या कपाटात रुमालात गुंडाळलेली असते. २४ च्या रात्री मिस्सेहून (चर्चमधल्या प्रार्थनाविधीहून) आलो की ती त्या स्वतः गव्हाणीत ठेवतात. तोवर गव्हाणी रिकामी. लहानपणी माझ्या नवऱ्यानं एकदा ती आदल्या दिवशीच ठेवून दिली होती, ते अजून दरवर्षी ऐकवलं जातं.

मग गावोगावचे नाताळगोठे बघायला फिरणं. वसईतली तरुण मंडळं काय गोठे करतात ते बघितलं नसेल तर एकदा याच. काही ठिकाणी अख्खं बेथलेहेम उभं असतं, पाणी वाहतं, चक्की फिरते.

हे सगळं मला प्रिय आहे. आणि तरीही खरं सांगू? काकांचा मेसेज वाचून सगळ्यांत आधी 👍 मी टाकला.

कारण १५ डिसेंबरपासून मी, सासूबाई आणि जाऊ स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही. कुलकुल (तळलेले छोटे गोड शंख), नेवऱ्या (करंज्या), पेरूचं चीज (पेरूच्या वड्या), केक, थाळी (नारळाचा गोड पदार्थ). २४ ला इंद्याल (व्हिनेगर घातलेला मांसाचा रस्सा), २५ ला पहाटेपासून फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ. एकवीस माणसांचे फुगे तळून बघा एकदा. गेल्या वर्षी मी एकही गोठा पाहिला नाही. फोटो पाहिले.

तर विचारायचं आहे ते असं:

नाताळ घरी करून नंतर जावं, की २३ लाच सगळ्यांना घेऊन निघावं? बाहेर गेलो तर आजींना चालेल अशी कॅथलिक मिस्सा, शक्यतो मराठी, कुठं मिळेल? मनात महाबळेश्वर आहे, कुणी नाताळाच्या आठवड्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलंय का? एका रिसॉर्टला फोन केला तर २४ च्या रात्रीचं गाला डिनर माणशी सक्तीचं म्हणाले, तीन वर्षांच्या पोराचेसुद्धा निम्मे पैसे. आम्ही त्या वेळी चर्चमध्ये असू म्हटलं तर म्हणे, "मॅडम, पॅकेज आहे."

आणि जावेच्या आईचं. त्या गुरुवारी मांसाहार करत नाहीत, अंडंही नाही. यंदा २५ तारीख नेमकी गुरुवारी.

---

आगाशीचा नातू

गाववाले! आधी २३ ला निघायचा विचार डोक्यातून काढा. २४ आणि ३१ ला हॉटेलवाल्यांची ती सक्ती सगळीकडे असते, वाद घालून उपयोग नाही. २५ गुरुवारी आहे ना, मग २६ ला शुक्रवारी सकाळी निघा, २८ ला रविवारी परत. नाताळ घरचा घरी होतो आणि ३१ ची गर्दी सुरू व्हायच्या आत तुम्ही घरी.

रेल्वेनं जायचं असेल तर आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, १२० दिवस गेले. २६ डिसेंबरचं तिकीट २७ ऑक्टोबरला सकाळी. एकवीस जणांचं एका पीएनआरवर होत नाही, सहा-सहाचे गट पाडून चार जणांनी चार फोनवर बसा.

---

कृष्णाकाठ

सातारकर बोलतोय. महाबळेश्वर माझं लाडकं आहे म्हणूनच सांगतो, त्या आठवड्यात येऊ नका. वसईहून तीनशेच्या आसपास किलोमीटर, त्यात मुंबई-पुणे रस्त्यावर सुट्टीची गर्दी, मग पसरणी घाटात गाड्यांची रांग. पाचगणीपासून वेण्णा तलावापर्यंत पायी गेलेला माणूस गाडीच्या आधी पोचतो. गुडघे गेलेल्या आजींना आठ-दहा तास बसवून नेणार? स्ट्रॉबेरी तुम्हाला वसईतही मिळेल.

तरी जायचंच असलं तर मिस्सेचं सांगतो. महाबळेश्वरला होली क्रॉस हे जुनं कॅथलिक चर्च आहे. पाचगणीतलं सेंट पीटर्स दिसायला देखणं, ज्यांनी पाचगणी वसवली त्या जॉन चेसन यांची कबरही तिथंच आहे, पण ते अँग्लिकन परंपरेतलं, म्हणजे कॅथलिक नव्हे. थंड हवेच्या ठिकाणची बरीच चर्चं साहेबाच्या काळातली अशीच आहेत. नुसतं "तिथं चर्च आहे" एवढ्यावर जाऊ नका, आजी दारातून परत फिरतील.

जावेच्या आईंबद्दल: मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार १८ तारखेला होऊन जातोय. पण दत्ताचा गुरुवार पाळणारी बाई बारा महिने पाळते, तेव्हा तो मान ठेवायलाच हवा. आमच्याकडच्या बायकांचा अनुभव सांगतो. वेगळं ताट वाढलेलं चालतं, वेगळं बसवलेलं चालत नाही.

---

चिंचगुळाची आमटी

टोरंटोहून येणाऱ्या माणसाला थंड हवा दाखवायला महाबळेश्वरला नेणार? 😄 त्यांना डिसेंबरात घाम आला तरच भारतात आल्यासारखं वाटेल.

---

चिकूवाडी

मी बोर्डीचं सुचवते. डहाणूच्या पुढं साधारण सतरा किलोमीटर. एका बाजूला चिकूच्या आणि नारळाच्या वाड्या, दुसरीकडे सुरूच्या बनातून समुद्र. किनारा सपाट, भरती-ओहोटीच्या मध्ये इतका लांब मोकळा होतो की आजींची खुर्ची वाळूत ठेवून पोरांना समोर क्रिकेट खेळू द्या. पहाटे शाल लागेल एवढा गारवा असतो. हिल स्टेशनची थंडी नाही, ते आधीच सांगते.

तुम्ही वसईचे म्हणजे तर शेजारीच. रस्त्यानं नको असेल तर विरारहून डहाणूची लोकल दीड तासाच्या आसपास घेते. बोर्डीसाठी घोलवड स्टेशन जवळचं, पण तिथं लोकल जात नाही, तेव्हा डहाणूहून रिक्षा-टमटम. मी स्वतः आजींना गाडीनं न्यावं म्हणेन आणि तरुणांना लोकलनं. तुमच्या कॅनडातल्या काकांची मुलं ती लोकल जन्मभर विसरणार नाहीत.

इथं जुने पारशी आणि इराणी बंगले आहेत, काही घरगुती राहायला देतात. हॉटेलच्या आठ खोल्या घेण्यापेक्षा अंगण असलेला एक बंगला घ्या. एकत्र कुटुंबाला खोल्यांपेक्षा ओटा लागतो. बुकिंग करताना दोन गोष्टी फोटोत बघून खात्री करा: तळमजल्यावर किती बेड आहेत आणि संडास कमोडचा आहे का. फोनवर सगळे "हो हो" म्हणतात.

रविवारच्या मिस्सेसाठी तलासरी जवळ आहे, तिथं जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) फादरांचं जुनं मिशन आहे. वेळ मात्र आधी फोन करून विचारून घ्या.

---

बाटली मसाला

मी उत्तनची. सहलीचं इतरांनी सांगितलं, मी खाण्याचं बोलते.

फुगे नेऊ नका. ताडीचे असोत नाहीतर यीस्टचे, दुसऱ्या दिवशी रबर होतात. ते २५ ला घरी खाऊन संपवायचे. इंद्याल किंवा सोरपोतेल (तसाच एक मांसाहारी प्रकार) मात्र मुद्दाम जास्त करा. व्हिनेगर असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ते खरं लागतं. गार करून डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत, तिथं गेल्यावर पाव आणला की २६ चं जेवण झालं. पेरूचं चीज, कुलकुल, नेवऱ्या कुठंही न्या. थाळीत ओला नारळ असतो, ती आधी संपवा.

सातारच्या काकूंसाठी कुलकुल आणि नेवऱ्या वेगळ्या करायची गरज नाही. कुलकुलात अंडं न घालता नारळाच्या दुधात पीठ भिजवा, कुणाला फरक कळणार नाही. केक मात्र बिनअंड्याचा आणि बिनरमचा एक छोटा वेगळा करा, आणि तो कापायला त्यांनाच सांगा.

आता मुख्य. आमच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या आईनं जाहीर केलं की कुलकुल वळणं हे पुरुषांचं काम. पीठ आम्ही मळून देतो. मग सगळे काका, भाऊ, जावई टेबलाला बसतात, हातात काटा नाहीतर नवी कोरी फणी. पहिल्या वर्षी कुलकुल गोगलगायीसारखे झाले होते. आता माझा भाऊ इतरांच्या चुका काढतो. केकचं मिश्रण घरी करून भाजायला बेकरीत द्या, तुमच्याकडे घेतात की नाही ते आत्ताच विचारून ठेवा, २० नंतर भट्टीला रांग लागते. एवढ्या दोन गोष्टींनी तुमचे चार दिवस वाचतील. थकवा घरातल्या नाताळाचा नाहीये हो, तीनच बायकांच्या नाताळाचा आहे. तो महाबळेश्वरला नेलात तर तिथंही तुम्हीच चहा कराल.

---

कृष्णाकाठ

@बाटली मसाला, शेवटच्या वाक्याला दंडवत.

---

पिंपळपार

सगळं वाचलं. आजींना विचारलंत का? की सगळे मिळून त्यांच्या गुडघ्यांच्या वतीनं ठरवताय?

---

वाडीवरची

सगळ्यांचे आभार. @पिंपळपार, तुमचा प्रतिसाद वाचून फोन खाली ठेवला आणि आजींच्या खोलीत गेले.

मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "समुद्र हाय का थंय?" म्हटलं बोर्डीला आहे, पण आपल्याकडेही समुद्र आहेच की. म्हणाल्या, "आपल्या समुद्रावर मला कोण नेतो?" मला उत्तर देता आलं नाही. घरापासून समुद्र दोन किलोमीटरसुद्धा नाही.

तर २६ ते २८ बोर्डी ठरल्यातच जमा आहे. त्यांच्या अटी अशा: २४ ची मिस्सा आपल्याच धर्मग्रामात (आपल्या भागाच्या चर्चमध्ये), बाळ आपल्याच गोठ्यात, रविवारची मिस्सा चुकवायची नाही, आणि गाडीत पुढची सीट. पाचवी अट सुटत नाहीये. गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत राहतो. त्याच्यासमोर रोज संध्याकाळी त्या मेणबत्ती लावतात आणि घरच्यांसोबत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते. "बाळाला एकट्याला अंधारात ठेवून आपण समुद्रावर जायचं?" असं विचारल्यावर माझ्या हुशार नवऱ्यानं "टायमरवाला एलईडी लावू" असं सांगितलं. आता दोन दिवस त्या त्याच्याशी बोलत नाहीत.

शेजारच्या आत्येला दोन संध्याकाळ यायला सांगावं, की बाळाची मूर्ती परत रुमालात गुंडाळून सोबत न्यावी? सासूबाई म्हणतात एकदा ठेवलेली मूर्ती उचलायची नसते, आजी म्हणतात बाळाचे आईबाप मरिया-योसेफ पण त्याला घेऊन मिसरला (इजिप्तला) गेलेच होते की. तुमच्यापैकी कुणी नाताळाच्या दिवसांत घर बंद ठेवून गेलं असेल तर गोठ्याचं काय केलंत?

कुलकुलाचं टेबल १९ च्या रात्री लागतंय. काकांनी ग्रुपवर विचारलंय, "फणी कुठली, बारीक की मोठ्या दातांची?"

---

बाटली मसाला

मोठ्या दातांची! बारकीतून पीठ सुटत नाही. आणि आजींचं बरोबर आहे, बाळाला न्या. आमच्याकडे माझ्या चुलत्याचं ऑपरेशन होतं त्या वर्षी २७ पासून मूर्ती हॉस्पिटलात त्याच्या उशाशी होती. घरच्या गव्हाणीत आजीनं रुमाल तसाच पसरून ठेवला होता.