विषय: अडीच वर्षांची मुलगी, घरातील मराठी आणि बाहेरची डच

उट्रेख्त (नेदरलँड्स), मंगळवार रात्री

मंडळाच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या जेवणाची नावनोंदणी चालू असताना मध्येच हा घरगुती विषय आणत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. परंतु गेल्या आठवड्यापासून आमच्या घरात रोज रात्री याच प्रश्नावर चर्चा सुरू होते आणि रोज ती अर्धवट राहते.

आमची मुलगी नुकतीच अडीच वर्षांची झाली. आम्ही दोघेही आठवड्यातून चार दिवस नोकरी करतो, त्यामुळे ती तीन दिवस पाळणाघरात, बुधवारी बाबाजवळ आणि शुक्रवारी माझ्याजवळ असते. घरात आम्ही केवळ मराठी बोलतो. दोन वर्षांच्या तपासणीसाठी कॉन्सुल्टाट्सीब्युरोत, म्हणजे लहान मुलांच्या आरोग्यकेंद्रात, नेले, तेव्हा परिचारिकेने चित्रे दाखवून डचमध्ये प्रश्न विचारले, आणि घरी दिवसभर जिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो ती मुलगी माझ्या कुशीत तोंड खुपसून बसली, ती शेवटपर्यंत वर पाहीना. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले होते, तेव्हाही तोच प्रकार झाला. आता त्यांनी व्हीव्हीईची, म्हणजे ज्या मुलांचे डच शाळेपर्यंत कमी पडेल असे वाटते त्यांच्यासाठीच्या वाढीव तासांची, शिफारस केली आहे. त्याच संध्याकाळी पाळणाघरातील युफने, म्हणजे बाईंनी, मला दारातच, अगदी मायेने, सुचवले की घरीही थोडे डच बोलत जा.

नवऱ्याचे म्हणणे असे की चौथ्या वाढदिवसानंतर शाळा सुरू होणार, म्हणजे हाताशी दीडच वर्ष आहे, तेव्हा निदान रात्रीची गोष्ट तरी डचमधून सांगावी. त्याने दोन रात्री प्रयत्न करून पाहिला. तिसऱ्या रात्री मुलीने पुस्तक मिटले आणि ‘बाबा, नीट बोल’ असे बजावले. माझे डच परीक्षेपुरते आहे. त्यात मला दुकानात पिशवी नको म्हणता येते, पण रडणाऱ्या मुलीची समजूत घालता येत नाही. नाशिकला सासूबाईंचे मत अर्थातच मराठीच्या बाजूने आहे, परंतु व्हिडिओ कॉलवर त्यांचीही तारांबळ उडते, कारण नात नकार देताना डच पद्धतीने ‘नेय’ म्हणते आणि त्या ‘काय नेऊ गं?’ असे विचारत राहतात.

व्हीव्हीई घेतल्याने मुलीवर मागे पडल्याचा शिक्का बसतो का, आणि आमच्यासारख्यांनी मोडक्यातोडक्या डचमध्ये घरी बोलावे का, एवढेच विचारायचे आहे.

आपली,
एक सदस्या

*

आम्स्टलफेन, बुधवार

सप्रेम नमस्कार.

आमची जुळी मुले आता सहा वर्षांची असून ग्रुप ३ मध्ये वाचायला शिकत आहेत, आणि आपल्या पत्रातील बहुतेक सर्व प्रसंग आमच्या घरात दोनदोनदा घडून गेलेले आहेत, त्यामुळे उत्तर लांबले तर कृपया समजून घ्यावे.

प्रथम शिक्क्याविषयी. व्हीव्हीई म्हणजे निदान नव्हे, तर तास आहेत. अडीच ते चार या दीड वर्षात एकूण ९६० तास मिळावेत, असा नियम २०२० च्या ऑगस्टपासून लागू आहे. आठवड्याला साधारण १६ तास आणि वर्षाचे ४० आठवडे धरले की हा हिशेब बसतो. कोणत्या मुलांना हे तास द्यायचे याचे निकष प्रत्येक खेमेन्टे, म्हणजे नगरपालिका, आपापले ठरवते, आणि पुष्कळ ठिकाणी घरची भाषा डच नसणे हा त्यातील एक निकष असतो. आम्ही हे तास घेतले. शाळेत त्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला नाही. उलट पहिल्या दिवशी रांगेत उभे राहणे, गोलात बसून आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि पावाचा डबा स्वतः उघडणे या गोष्टी मुलांना आधीच येत होत्या.

दुसरे, तपासणीबद्दल. दोन वर्षांच्या सुमारास मूल दोन शब्दांचे वाक्य करते का, हे तेथे पाहतात. आपली मुलगी ‘दूध नको’ म्हणत असेल तर ते दोन शब्दांचेच वाक्य झाले, मग ते कोणत्याही भाषेत का असेना. द्विभाषिक मुलांचे शब्द मोजताना दोन्ही भाषांची बेरीज करायची असते, आणि हे आपण होऊन सांगावे लागते, कारण परिचारिकेला जे ऐकू येते तेच ती लिहिणार. आम्ही फ्रिजवर कागद लावून आठवडाभर शब्द टिपले आणि ती यादी घेऊन गेलो. मात्र त्यासोबत श्रवणाची तपासणी अवश्य करून घ्यावी. आमच्या धाकट्याच्या (तो चार मिनिटांनी धाकटा आहे) कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते, आणि आम्ही कित्येक महिने तो हट्टी आहे असे समजत होतो. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पॅरासिटामॉलखेरीज काही मिळत नाही, ही आपल्या मंडळाची लाडकी तक्रार आहे, पण या बाबतीत मागितल्याबरोबर चिठ्ठी मिळाली. वाणीतज्ज्ञाची, म्हणजे लोगोपेडिस्टची, गरज पडलीच तर मूळ विम्यात तो खर्च बसतो, आणि विम्याचे पैसे मिळू लागण्यापूर्वी मोठ्यांना दरवर्षी जी रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते, तीही १८ वर्षांखालील मुलांना भरावी लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, कारण हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पाळणाघरात मूल बोलत नाही असे म्हणतात तेव्हा अनेकदा ते बोलत असते, पण त्याचे शब्द ऐकणाऱ्याला भलतेच वाटतात. डचमध्ये ‘आय’ म्हणजे कुरवाळणे. मांजरावरून हात फिरवताना येथील मुलांना ‘आय, आय’ असेच शिकवतात. आमचा मोठा पहिले दोन आठवडे ‘आई, आई’ करून रडत असे, आणि युफ मनापासून त्याचा गाल कुरवाळत असे किंवा त्याला कापडी ससा आणून देत असे. धाकटा झोपण्यापूर्वी ‘पापा’ मागे, तर त्याला सांगत की पापा संध्याकाळी येतील. एका लेकराला आई हवी होती, दुसऱ्याला मुका हवा होता, आणि दोघांनाही अत्यंत प्रेमाने चुकीचे उत्तर मिळत होते. शेवटी आम्ही शू, शी, मंमं, अंगो, भुर्र, गाई, पापा आणि आई असे २० शब्द रोमन अक्षरांत लिहून त्यापुढे डच अर्थ दिले आणि तो कागद पाळणाघरात दिला. त्यानंतर आठवड्याभरात फरक पडला.

घरी काय बोलावे, याचे उत्तर मी कडक देतो. घरात मराठीच. आम्ही तर मुले डचमध्ये बोलू लागली की समजले नाही असे दाखवतो, आणि मराठीत विचारल्याशिवाय बिस्किटाचा डबा उघडत नाही.

आपला,
जुळ्यांचा बाबा

*

ल्यूवेन, बुधवार रात्री

नमस्कार.

सीमेच्या या बाजूची थोडी माहिती देतो. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, मुले अडीच वर्षांची झाली की थेट बालशाळेत जाऊ शकतात आणि ती शाळा विनाशुल्क असते, जरी सक्ती पाचव्या वर्षापासून आहे. प्रवेशाचे दिवस ठरलेले असतात, बहुधा सुट्ट्यांनंतरचे. त्यामुळे आमच्याकडे आईवडिलांच्या काळजीचा पहिला विषय भाषा नसून लंगोट असतो. एका बाईंच्या हाताखाली वर्गभर मुले असतात आणि प्रत्येकाला कोण बदलणार?

आमचा मुलगा वर्गात चार महिने एक शब्द बोलला नाही. पाचव्या महिन्यात त्याने संपूर्ण वाक्य म्हटले, आणि ते तक्रारीचे होते. दरम्यान घरी आम्ही केवळ मराठी बोलत होतो. बिस्किटाच्या डब्याचा नियम मात्र आमच्याने झाला नसता.

आपला,
ल्यूवेनचा सदस्य

*

द हेग, शुक्रवार

स. न. वि. वि.

उट्रेख्तच्या पत्राला मी उत्तर लिहीत आहे. तू माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची असावीस, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

मी १९८४ साली या गावी आले आणि १९८७ मध्ये माझा मुलगा झाला. तो तीन वर्षांचा असताना त्याच्या खेळवर्गातील बाईंनी मला हेच सांगितले होते की घरी डच बोला, नाहीतर तो शाळेत गोंधळेल. त्या काळी असा सल्ला सर्रास मिळत असे, आणि बाई चांगल्या होत्या, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तेव्हा शाळांमधून तुर्की, अरबी अशा भाषांचे वर्ग सरकारी खर्चाने चालत असत. २००४ साली तेही बंद झाले. आपल्या मराठीचा त्यात प्रश्नच नव्हता, आम्ही मोजून चार घरे. मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले आणि एका सोमवारपासून घरात डच सुरू केले. माझे डच त्या वेळी तुझ्यासारखेच होते. ज्या भाषेत मला रागावता येत नव्हते आणि लाडही करता येत नव्हते, त्या भाषेत मी वर्षभर आई म्हणून वावरले. मुलाने चुका माझ्याकडूनच उचलल्या, आणि त्या सुधारायला त्याला शाळेत दोन वर्षे लागली.

१९९१ च्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली. एका रात्री ती आणि माझा मुलगा गॅलरीत बसले होते. तो वर बोट दाखवून ‘मान, मान’ म्हणू लागला. डचमध्ये मान म्हणजे चंद्र. आईला वाटले पोराची मान दुखते आहे. ती आत जाऊन खोबरेल तेल घेऊन आली आणि त्याची मान चोळू लागली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. मग स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, ‘याला चांदोबा कुणी सांगितला नाही का गं?’

आमच्या खालच्या मजल्यावर सुरिनामहून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील जुन्या डच वसाहतीतून, आलेली एक हिंदुस्तानी बाई राहत असे. तिचे पूर्वज बिहारकडचे, मळ्यांवर मजुरीसाठी गेलेले. १८७३ साली त्यांचे पहिले जहाज तिकडे पोहोचले आणि तेथे त्यांच्या बोलींची मिळून सरनामी भाषा झाली. शंभराहून अधिक वर्षांनंतर, दुसरा समुद्र ओलांडून येथे आल्यावरही, ती जिन्यात नातवंडांना सरनामीतच हाका मारीत असे, आणि ती नातवंडे शाळेत पहिल्या बाकावर होती. मला तिचा हेवा वाटे आणि ते मी तिला कधी सांगितले नाही.

आता आम्स्टलफेनच्या बाबांना एक गोष्ट नम्रपणे सांगते. तुमचा शब्दांचा कागद फार चांगला, पण समजत असून समजले नाही असे मुलाला दाखवू नका. मूल धावत काहीतरी सांगायला येते, आणि भाषा बदलून मागितली तर पुष्कळदा ते सांगायचेच सोडून देते. त्याने डचमध्ये सांगावे, तुम्ही मराठीत ‘हो का, मग काय झाले?’ विचारावे. आमच्या घरी नेमके उलटे झाले: मुलगा सुरुवातीला मराठीत बोले आणि मी डचमध्ये उत्तर देई. तो आता सदतीसच्या पुढे गेला. माझे सगळे मराठी त्याला कळते, पण तो उत्तर डचमध्येच देतो. नातीला मी काही बोलले तर ती ‘ओमा, वाट झेख ये?’, म्हणजे ‘आजी, काय म्हणतेस?’, असे विचारते आणि तो तिला भाषांतर करून सांगतो.

तुझी,
हेगच्या काकू

*

उट्रेख्त, पुढच्या रविवारी

काकूंना नमस्कार, आणि सर्वांचे मनापासून आभार.

आम्ही व्हीव्हीई घेतले. आमच्याच पाळणाघरात ते आहे असे कळल्याने जागाही बदलावी लागली नाही. श्रवणाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. फ्रिजवर कागद लावला, त्यावर सहा दिवसांत १४३ शब्द जमले, आणि त्यातील ३१ डच निघाले, जे ती रोज आमच्यासमोर बोलत होती आणि आम्हाला ऐकूच आले नव्हते. त्यांत ‘झेल्फ’ सर्वांत लाडका. स्वतः करायचे म्हणून बूट, मोजे, वरणभात, सगळ्यालाच ‘मी झेल्फ करते’ असे व्याकरणशुद्ध मराठीत ऐकवले जाते.

‘आय’चा प्रकार मी युफला सांगितला. ती आधी हसली, मग गप्प झाली, आणि म्हणाली की गेले वर्षभर मी तुमच्या मुलीला फार कुरवाळले. शब्दांचा कागद आता पाळणाघरात डबे ठेवायच्या कपाटाच्या आतील बाजूस चिकटवलेला आहे. घरी डच बोलण्याची सूचना तिने मागे घेतली असे नाही, पण तिने मलाच विचारले की झोपवताना तुम्ही काय म्हणता, आणि तिचे ‘गाई गाई’ मुलीला चालते असे दिसते.

नवऱ्याने रात्रीची गोष्ट पुन्हा मराठीत सुरू केली आहे. त्याला एका शोधाचा मात्र आनंद झाला आहे: डच लोक एकवीसला आपल्यासारखेच ‘एक आणि वीस’ म्हणतात, आणि घड्याळात अडीच वाजले की ‘हाल्फ द्री’, म्हणजे तिसरा अर्धा, म्हणतात; आपला अडीचही मुळात संस्कृतातील अर्धतृतीयच. त्यामुळे तो सध्या भेटेल त्या डच सहकाऱ्याला हे ऐकवत असतो.

सासूबाई ऑक्टोबरात येत आहेत, शेंगेन व्हिसाच्या नियमाप्रमाणे ९० दिवसांसाठी. येताना जाड पुठ्ठ्याची मराठी चित्रपुस्तके आणणार आहेत. तोपर्यंत कोणाकडे मुलांनी ओलांडलेली पुस्तके असतील तर गणेशोत्सवाला आणावीत, मी जपून परत करीन.

काकू, नात बुधवारी शाळेतून लवकर सुटत असेल तर तिला घेऊन आमच्याकडे याल का? बुधवारी बाबा घरी असतो आणि मीही रजा काढीन. मुलगी दुपारी झोपून हाल्फ द्रीला उठते.

आपली,
उट्रेख्तची सदस्या