अनुभव धागा : मरण दारापर्यंत येऊन गेलं तेव्हा

कवडसा
काल कपाट आवरताना हॉस्पिटलचा मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा सापडला. २००९ सालचा. हातात घेतला आणि तिथेच खाली बसले.

अपेंडिक्स फुटलं होतं. दोन दिवस दुखणं अंगावर काढलं, तिसऱ्या दिवशी अचानक कळा कमी झाल्या म्हणून मला हायसं वाटलं. फुटल्यावर आतला दाब जातो म्हणून थोडा वेळ असं वाटू शकतं, हे नंतर कळलं. तेवढ्यात संसर्ग पोटभर पसरतो. कुणाला असं झालं तर कृपा करून थांबू नका.

सही घेताना डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येत नाही. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ना नोकरी आठवली ना कर्ज. सकाळी लेकीची एक वेणी झाली होती, दुसरी घालताना कळ आली म्हणून अर्धीच सोडली होती. डोक्यात तेवढंच. तिची एक बाजू मोकळी राहिलीय.

आता ती कॉलेजात आहे, केस बारीक कापलेत. तुमचंही काही असेल तर लिहा ना.

रानवाट
वेणीशी थांबले. पुढचं नंतर वाचते.

किनारा
माझं पाण्यातलं. वय १७. सगळ्यांना वाटतं बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो. नाही हो. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचं? आवाजच निघत नाही. दहा हातांवर मित्र हसत होते, त्यांना वाटलं मी खेळतोय. एकाला शंका आली म्हणून मी आज लिहितोय. पोरं पाण्यात असली की मी मोबाईल खिशातून काढतच नाही. गप्प झालेल्या पोराकडे आधी बघा.

आठवलं काय म्हणाल तर काही नाही. वरचा उजेड दिसत होता, आणि तो खूप आवडला होता.

निळी शाई
मी स्वतः नाही, पण बाबांच्या शेवटच्या ११ दिवसांत शेजारी होते. मॉर्फिन सुरू केलं तेव्हा मी नर्सताईंशी भांडले, म्हटलं तुम्ही त्यांना लवकर घालवताय. त्या शांतपणे म्हणाल्या, मोजून दिलेल्या डोसाने मरण लवकर येत नाही, वेदना जाते. आणि खरंच, त्या रात्री बाबा दोन महिन्यांनी माझ्याशी नीट बोलले. माझ्या पहिल्या सायकलबद्दल! शेवटी श्वास खोल, मग उथळ, मग बराच वेळ काहीच नाही, परत सुरू. आधी कुणी सांगितलं असतं की असं होतं, तर इतकी घाबरले नसते. म्हणून इथे लिहितेय. धुण्याचं मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.

पानगळ
@निळी शाई, शेवटच्या दिवसांत वेदना कमी करणाऱ्या या सेवेच्या मुळाशी सिसिली साँडर्स. आधी नर्स, मग समाजसेविका, आणि मरणाऱ्यांचं दुखणं कुणी मनावर घेत नाही म्हणून तिशी ओलांडल्यावर डॉक्टरकी शिकल्या. १९६७ ला लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्यांची काळजी घेणारं घर, सुरू केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांचं, श्रद्धेचंही असतं, हे त्यांनी ठासून मांडलं. मला फार आदर आहे या बाईंबद्दल.

रानवाट
आले परत. आमची आजी ९१ ची होती. सगळे भोवती जमलेले, आणि ती मला म्हणते, "वाचनालयाचं पुस्तक परत कर गं, तारीख उलटली." पान दुमडलेलं होतं, चाळीसेक पानं राहिली होती. मी दोन रात्री मोठ्याने वाचून दाखवली. ऐकत होती की नाही माहीत नाही, पण मध्ये एकदा हसली.

किनारा
शेवट आवडला का आजींना?

रानवाट
शेवटची सात पानं राहिली. मी नंतर एकटीने वाचली, मोठ्यानेच.

अधलीमधली
विषयांतर होतंय, पण कुणाचं हृदय बंद पडलं तर छातीवर दाब देणं प्रत्येकाने शिकून घ्या. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, किमान पाच सेंटिमीटर खोल. माझा नवरा जिन्यात कोसळला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलीला हे येत होतं. आज तो आत बसून माझ्याशी पंख्यावरून वाद घालतोय. घालू दे.

कवडसा
@अधलीमधली, घालू दे, खूप वर्षं घालू दे :)

सावट
इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. उद्या बायॉप्सीचा रिपोर्ट आहे. घरी अजून कुणाला सांगितलं नाही. तुमचं वाचताना पहिल्यांदा रडू आलं, बरं वाटलं.

निळी शाई
अगं, एकटी जाऊ नकोस. कुणाला तरी घेऊन जा. डॉक्टर काय बोलतात ते घाबरल्यावर अर्धं ऐकूच येत नाही, सोबतीला लिहून घ्यायला सांग.

किनारा
आणि आज रात्री जे आवडतं ते कर.

सावट
बहिणीला फोन केला आत्ता. ती निघालीय, पोचायला चार तास लागतील. तोवर अंगणातल्या कुंड्यांची माती बदलतेय. मार्चपासून राहिलं होतं.

कवडसा
कर. मी जागी आहे. मध्ये हात धुऊन काहीतरी लिहीत राहा.